पानं तपासून घ्यावीत

“पोथी घ्यायची ती समोर बसून, एकेक पान उलटून. पिशवीत टाकून आणायला ते काय कांदे आहेत?”

हे माईंचं सांगणं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा आवाज असा होता की मुलुंडला आमच्या दुसऱ्या मजल्यावर त्या भाजीवालीशी बोलत असल्या की पोस्टमन वर न येता खालीच थांबायचा. पण शेवटच्या महिन्यात तो आवाज इतका बारीक झाला की मला कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागे. त्यांनी कुलस्वामिनीच्या पोथीचं पारायण बोललं होतं, एकवीस दिवस, रोज एक अध्याय. ते राहून गेलं. “तू करशील?” त्यांनी विचारलं. मी करीन म्हटलं. वर्षश्राद्धाच्या आत कर, म्हणाल्या. मी हो म्हटलं. जुनी पोथी माझ्या अस्थींबरोबर पाण्यात सोडा, नवी घे, धाकूकडूनच घे, म्हणाल्या. त्यालाही हो म्हटलं. मग ते कांद्यांचं सांगितलं आणि पाणी मागितलं. त्यानंतर त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत.

मी नेमाची बाई आहे असं आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात. ते खरं असावं. सोमवारी एक वेळ जेवण, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत उपास, चातुर्मासात वांगं नाही, रोज तुळशीला अकरा प्रदक्षिणा. तुळस गॅलरीच्या कठड्यावर असल्यामुळे त्या स्वतःभोवतीच घालाव्या लागतात आणि अकरावीला गरगरतं. इतके नेम सांभाळता सांभाळता दिलेल्या वचनाकडे बघायला मला अकरा महिने सवड झाली नाही. कार्तिक संपताना कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, तर वर्षश्राद्धाला बावीस दिवस उरले होते. त्यातला पहिला अमावास्येचा; त्या दिवशी पोथी कोण घरात आणणार? राहिले एकवीस. चूक करायलासुद्धा एक दिवस शिल्लक नव्हता.

पोथी कुठून घ्यावी यावर मी कोणाचा सल्ला मागितला नव्हता. तरी अमावास्येच्या संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मजल्यांवरून येऊन पोहोचला. वरच्या मजल्यावरची उत्तरा बँकेत आहे. ती म्हणाली, काकू, घाटकोपरच्या प्रदर्शनात घ्या ना, वीस टक्के सूट, वर कापडी पिशवी. शेजारच्या जानकीकाकूंचं म्हणणं, पोथी घ्यावी ती गिरगावातच, तिकडे दुकानदार हळदकुंकू लावून देतो. आमच्या ह्यांच्या ऑफिसात पुस्तकं हप्त्याने मिळतात. देवीला हप्त्याने घरी आणण्याची कल्पना ह्यांनी जेवताना मांडली आणि माझं तोंड बघून ताकाबरोबर गिळली. धाकूशेठचं नाव एकानेही घेतलं नाही. त्यांचं दुकान आमच्या गेटापासून दीडशे पावलांवर होतं.

धाकूशेठ शेठ नव्हते. आधी ते गिरणीत मागावर होते. छातीत कापूस बसला म्हणून वेळेआधी सुटले आणि मिळाले ते पैसे त्यांनी पुस्तकांत घातले. दुकान घेतलं तेही नेमकं पिठाच्या चक्कीला लागून. त्यामुळे त्यांच्याकडच्या प्रत्येक पुस्तकावर पिठाचा पातळ थर असे आणि धाकूशेठ फुंकर मारून ते गिऱ्हाइकाच्या हातात देत. फुंकर मारली की खोकत. एका छातीला कापूस आणि पीठ दोन्ही पुरवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. विकलेल्या प्रत्येक पुस्तकाला ते खाकी कागदाचं कव्हर घालून देत आणि त्यावर गिऱ्हाइकाचं नाव वळणदार अक्षरात लिहीत.

त्यांच्या गल्ल्यावर एक पाटी होती: ‘पानं तपासून घ्यावीत’. ती पाटी आमच्या माईंमुळे लागली. फार वर्षांपूर्वी माईंनी नणंदेसाठी त्यांच्याकडून पोथी नेली, तिच्यात चौदावा अध्याय दोनदा होता आणि पंधरावा नव्हताच. माईंनी ही गोष्ट धाकूशेठना सांगितली. म्हणजे गल्लीला सांगितली, धाकूशेठ गल्लीतच होते. त्या दिवशी त्यांनी माईंना शब्द दिला की यापुढे गिऱ्हाइकाने शेवटचं पान तपासल्याशिवाय पोथीचे पैसे घेणार नाही. गल्ल्यासमोर एक स्टूल ठेवलं, तपासायला बसण्यासाठी. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली मासिकाच्या मुखपृष्ठाची घडी.

तर मार्गशीर्षाचा पहिला दिवस, गुरुवार. पारायणाचा माझा आणखी एक नेम होता: आंघोळीपासून त्या दिवसाचा अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही. हा नेम माईंचा नव्हे, माझा. माईंना झेपला नसता. घरून चिठ्ठी लिहून नेली: ‘कुलस्वामिनीची पोथी तपासायला आले आहे. बोलत नाही.’ धाकूशेठनी ती चष्मा लावून वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. सासूसारखी सूनही रागावली असं त्यांना वाटलं असावं. शिडी लावून त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून पोथी काढली. एकच प्रत होती. फुंकर मारली, खोकले, आणि स्टुलाकडे हात केला. “बसा वयनी. एकेक पान बगा. पैशे मगे.”

मी बसले. तोंड पूर्वेला होतं. पान तपासायचं म्हणजे क्रमांक बघायचे, एवढंच. पण मंगलाचरण समोर आलं आणि ओठ हलायला लागले. पहिल्या ओव्या तर मला पाठच होत्या, माईंच्या आवाजात. चक्की घरघरत होती, तिचा ठेका धरून मी पुढे पुढे गेले. अध्याय संपला तशी पोथी मिटली, डोळ्यांना लावली, नमस्कार केला आणि मोठ्याने म्हटलं, “इति प्रथमोऽध्यायः.” आणि मग कळलं की काय झालं.

पारायणाची जागा मोडत नाहीत. जिथे पहिला अध्याय, तिथे शेवटचा. जी पोथी पहिल्या दिवशी, तीच शेवटपर्यंत. लोक पाट मांडतात, रांगोळी काढतात, पूर्व बघतात. मी कुलस्वामिनीच्या पारायणाला एका पुस्तकाच्या दुकानात, साडेतीन पायांच्या स्टुलावर बसले होते, आणि माझ्या डोक्यावर टांगलेल्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरच्या बायकांनी मार्गशीर्षातसुद्धा पुरेसे कपडे घातले नव्हते.

जानकीकाकूंनी ऐकलं आणि मांडीवर हात मारला. “झालं गं शुभा. आता तीच तुझी जागा.” पुन्हा पहिल्यापासून करावं तर दिवस नव्हते. गावच्या गुरुजींना कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर पाचव्या दिवशी आलं: जागा व पोथी मोडू नये, बाकी देवी समर्थ आहे. समर्थ असेल, पण स्टुलावर मीच बसत होते.

पैसे तरी द्यावेत म्हणून दुसऱ्या दिवशी नोटा पुढे केल्या. धाकूशेठनी हात मागे घेतला. तुमच्या सासूला शब्द दिलेला आहे, शेवटचं पान तपासून झालं की द्या, म्हणाले. पुढचे अध्याय आधीच चाळून बघणं मला चालत नव्हतं; पारायणात पुढे डोकावत नाहीत. म्हणजे माईंना दिलेला माझा शब्द आणि माईंना दिलेला त्यांचा शब्द अशी दोन्हीकडून गाठ बसली आणि माई स्वतः सोडवायला नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सोसायटीत पसरलं की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पोथी विकत न घेता दुकानात फुकट वाचून संपवताहेत. मी शांतपणे सगळ्यांना समजावून सांगितलं असतं. पण सकाळी जाताना जिन्यात जे भेटत त्यांच्याशी मला बोलता येत नसे, आणि दुपारी बोलता येई तेव्हा कोणी विचारत नसे. न बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक किती बोलतात ते मला त्या एकवीस दिवसांत कळलं.

धाकूशेठच्या धंद्याचं मी काय केलं, ते सांगायला जीभ अडखळते. रहस्यकथा नेणारे पुरुष सकाळी कामावर जाताना यायचे. समोर पदर घेतलेली बाई पोथी वाचतेय म्हटल्यावर वर टांगलेल्या पुस्तकाकडे बोट कसं दाखवणार? ते घसा साफ करायचे, इकडेतिकडे बघायचे आणि आरतीसंग्रह घेऊन जायचे. शनिवारी असाच एकजण आला, माझ्यामागून हात लांब करून म्हणाला, “धाकू, ते नवीन आलं का रे, लाल साडीचं?” मी मान वळवली. आमचे हे होते; मी एव्हाना घरी पोहोचले असेन असा ह्यांचा हिशोब असावा. लग्नाला चोवीस वर्षं झाली. वर्तमानपत्रापलीकडे आपण काही वाचत नाही असं ह्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ह्यांनी आरतीसंग्रह घेतला. संध्याकाळी मी तो देव्हाऱ्यात ठेवला. देव्हाऱ्यात आधीचे दोन होते.

पाचवा दिवस सोमवार. आमच्या गल्लीतली दुकानं सोमवारी बंद, कायद्यानेच. धाकूशेठनी माझ्यासाठी शटर गुडघ्याएवढं वर केलं. सत्तेचाळीस वर्षांच्या, संधिवाताच्या बाईने सोवळ्यात शटरखालून आत शिरणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, आणि असं कोणी मला अजून भेटलेलं नाही. अर्धी आत, अर्धी बाहेर असताना समोरच्या लाँड्रीवाल्याने मला ओळखलं आणि आदराने नमस्कार केला. मला उलट नमस्कार करता आला नाही. हात जमिनीवर होते.

दुसऱ्या आठवड्यात बायका ऐकायला यायला लागल्या. जानकीकाकू पहिल्या. मग त्यांच्याबरोबर तिघी, मग आठ. चपला पायरीवर, तिथून लाँड्रीच्या दारापर्यंत. कोणी नारळ ठेवला, कोणी फुलं आणली. गल्ल्यावर सुटी नाणी ठेवली गेली, ती धाकूशेठनी एका डब्यात टाकून डबा देवीच्या फोटोमागे ठेवला. धंद्यात घ्यायला त्यांना भीती वाटत होती. दुकानात इतकी माणसं गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. धाकूशेठ मध्ये मध्ये पुस्तकं पुसत उभे राहत, न जाणो कोणी मागितलंच तर. एकीनेही काही मागितलं नाही.

मग दुसऱ्या सोमवारी दुकान इन्स्पेक्टर आले. बाराव्या अध्यायाच्या मध्यावर मी होते. त्यांनी शटरवर काठी वाजवली, वाकून आत पाहिलं आणि उकिडवे होऊन सरकत आत आले. अदबशीर माणूस होता. दुकान बंदच्या दिवशी आत ही बाई कोण, एवढंच त्यांनी विचारलं. गिऱ्हाईक म्हणावं तर बंदच्या दिवशी विक्री होते. नोकर म्हणावं तर रजिस्टरात नाव नाही, वर साप्ताहिक सुट्टी दिलेली नाही. दोन्ही नाही म्हणावं तर दुकानात धार्मिक कार्यक्रम, त्याची परवानगी वेगळ्या कचेरीतून. धाकूशेठ माझ्याकडे बघायला लागले, इन्स्पेक्टरही बघायला लागले. मी ओवी सोडली नाही. तेव्हा इन्स्पेक्टर मासिकांच्या गठ्ठ्यावर बसले आणि अध्याय संपेपर्यंत ऐकत राहिले. एका ठिकाणी त्यांनी डोळे पुसले. संपल्यावर प्रसादाची साखर घेतली आणि म्हणाले, “फार प्रसन्न वाटलं, वहिनी. पण नोटीस मला द्यावीच लागेल.” दिली. जाताना धाकूशेठना विचारलं, ही पोथी आमच्या घरीही हवी, मिळेल का? एकच प्रत आहे, मागवून देतो, आठ दिवस लागतील, असं धाकूशेठ म्हणाले. “राहू दे,” इन्स्पेक्टर म्हणाले, “घाटकोपरला प्रदर्शन चालू आहे ना, तिकडून घेईन.”

नोटिशीचं उत्तर द्यायला धाकूशेठ तीनदा कचेरीत गेले. पहिल्यांदा अर्ज चुकला, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा जिना चढताना त्यांना दम लागला आणि ते दुसऱ्या मजल्यावरूनच परत आले. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. हे सगळं मला नंतर कळलं. मला ते फक्त “जावन इलंय” एवढंच सांगायचे.

पंधराव्या दिवशी बायका आल्या त्या प्रत्येकीच्या हातात पोथी. कोरी, रंगीत चित्राची. सगळ्यांना ओवी समोर बघायची इच्छा झाली म्हणून उत्तराने आदल्या संध्याकाळी बँक सुटल्यावर घाटकोपरला जाऊन एकदम अकरा प्रती आणल्या होत्या. अकरा घेतल्यामुळे सूट वीसची पंचवीस झाली. तिने ते धाकूशेठनाच सांगितलं, कौतुकाने, आणि कापडी पिशवी त्यांच्या गल्ल्यावर ठेवली. ती वाईट मुलगी नाही. तिच्या मनात काही आलंच नाही. धाकूशेठनी त्यातली एक पोथी हातात घेतली. सवयीने फुंकर मारली, तिच्यावर पीठ नव्हतं. पान बोटांत चोळून पाहिलं.

“कागद बरो आसा,” म्हणाले.

आता मी उत्तराला नावं ठेवली असं कोणाला वाटू नये. तीन वर्षांपूर्वी त्याच प्रदर्शनातून मी मुलीसाठी शब्दकोश आणला होता. तसाच शब्दकोश धाकूशेठच्या काचेमागे होता, मला माहीत होतं. येताना मी बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि शब्दकोशावर पसरल्या. दुकानावरून जाताना धाकूशेठनी विचारलं, “काय वयनी, आज मेथी?” मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. चातुर्मासात वांगं खाल्लं नाही याचा हिशोब मी देवीला देऊ शकेन. मेथीचा कसा देणार?

त्या दिवशी बायका उठून गेल्यावर मी मागे थांबले. अध्याय संपला होता, बोलायला मोकळी होते. धाकूशेठ खोकत होते. ते थांबायची वाट पाहिली, ते थांबेनात. शेवटी म्हटलं, “धाकूशेठ, एकविसावा अध्याय झाला की ह्या पोथीचे पैसे मी तुमच्या हातात देईन. पूर्ण किमतीचे. आणि कव्हर घालून माझं नाव तुम्हीच लिहायचं.”

त्यांनी मान हलवली. मग पाटीकडे बघून म्हणाले, “पण शेवटचा पान बगूनच हां. आणि पैशे माज्याच हातात होये. बाळ्याकडे नको.”

बाळा म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा, तिशीचा, स्कूटर उडवणारा. तो गेलं वर्षभर मामाच्या मागे लागला होता की पुस्तकं काढ, व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी टाकू. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी गेले तेव्हा शटर बाळानेच उघडलेलं होतं. रात्री मामाला जास्त झालं, भांडुपला आईकडे नेऊन ठेवलंय, म्हणाला. पत्ताही सांगितला. “तुम्ही बसा मावशी, टेन्शन नका घेऊ. मामाने सांगितलंय, स्टूल हलवायचं नाही.”

सोळावा, सतरावा, अठरावा अध्याय मी सुतारांच्या ठोकाठोकीत वाचला. बायका आता येत नव्हत्या. प्रत्येकीकडे पोथी होती, घरी पंख्याखाली बसून वाचता येत होती. नोटिशीचं बाळाने एका दुपारी जाऊन मिटवलं; पुस्तकाचं दुकानच बंद होतंय म्हटल्यावर कचेरीला त्यात रस उरला नाही. रहस्यकथा रद्दीवाल्याने तागडीत घालून नेल्या. माझ्या ओव्यांच्या मध्ये “साडेचार किलो”, “सहा किलो” असे आकडे येत होते. आमच्या ह्यांनी त्यातली लाल साडीची एक सोडवून आणली आणि या वेळी माझ्यापासून लपवली नाही. कव्हर घालून दे म्हणाले. मी घातलं. माझं धाकूशेठसारखं बसलं नाही.

बाळाला मी रोज अध्याय संपल्यावर मामांची तब्येत विचारी. आधी तो ठीक आहे म्हणायचा. एकोणिसाव्या दिवशी म्हणाला, डॉक्टर म्हणतात आता घरीच ठेवा. विसाव्या दिवशी, मंगळवारी, त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, “मामा काय खात नाय, मावशी. सारखं एकच विचारतो. वयनींची पानं तपासून झाली काय? मी म्हटलं, झाली. तर म्हणतो, मगे पैशे खंय?”

आणि मग त्याने दुसरं सांगितलं. उद्या सकाळी फरशी खणणार होते. शुक्रवारी लायब्ररीचा मुहूर्त, नव्या लाद्या बसायला हव्यात, मिस्त्री उद्याशिवाय मिळत नाही. त्याला वाईट वाटत होतं. एक दिवस थांबला असता तर बरं झालं असतं असं तोच म्हणाला आणि थांबता येणार नाही असंही तोच म्हणाला.

घरी येऊन मी कोणालाच काही विचारलं नाही. गुरुजींना कार्ड टाकायला दिवस नव्हता. जानकीकाकूंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि त्या सांगतात ते बहुतेक वेळा बरोबर असतं, म्हणूनच विचारलं नाही. ह्यांनी रात्री जेवताना एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताक स्वतः वाढून घेतलं.

बुधवारी पहाटे उठले. आंघोळीच्या आधी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. आंघोळ केली, सोवळं नेसले, नोटा रुमालाच्या गाठीत बांधल्या आणि दीडशे पावलं चालत गेले.

मिस्त्री आधीच आले होते. फळ्या भिंतीला टेकवलेल्या, गल्ल्यावरची पाटी उलटी करून त्यावर सिमेंट कालवलेलं. जिथे वीस दिवस बसले ती जागा गुडघाभर खणून काढली होती. स्टूल बाहेर पायरीवर ठेवलं होतं, त्याच्यावर पिशवीत पोथी. आखूड पायाखालची मासिकाची घडी मातीत पडली होती. मी ती उचलली, झटकली आणि कनवटीला लावली. गल्ल्याचा खण अजून तिथेच होता. त्यातून खाकी कागदाचा एक ताव घेतला आणि त्यांचं शाईचं पेन.

जानकीकाकू दूध घेऊन येत होत्या. माझ्या एका हातात पोथी, दुसऱ्या हातात स्टूल बघून त्या रस्त्यातच थांबल्या. “शुभा, कुठे निघालीस? जागा मोडशील गं.” मी त्यांच्याकडे पाहिलं. अजून बोलायचं नव्हतं. त्यांनी आणखी काही विचारलं, मी मान खाली घालून पुढे झाले. लाँड्रीवाल्याने नमस्कार केला. या वेळीही मला करता आला नाही, हात रिकामे नव्हते.

आग्रा रोडच्या बसथांब्यावर स्टूल खाली ठेवलं. त्यावर बसले नाही. वाचायच्या आधी बसायचं नव्हतं. बस आली, कंडक्टरने हात दिला, मी त्याच्या पुढे पहिली चिठ्ठी धरली: ‘भांडुप, एक. स्टुलाचं वेगळं तिकीट पडत असेल तर तेही.’ त्याने ती दोनदा वाचली, स्टुलाकडे पाहिलं, एकच तिकीट फाडलं आणि घंटा मारली.

दुसरी चिठ्ठी पोथीत होती, एकविसाव्या अध्यायावर, पुढे काय आहे ते न बघता सरकवलेली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘शेवटची पानं तपासायला आले आहे. बोलत नाही.’